दिगू, ती लय कोणाची?

“बसून नाय जमत, मास्तर! बसून नाय जमणार! आन् हे कानात टकटक कोन करतंय, त्याला आधी बाहेर काढा!”

चांदवडच्या बँडचा हिरामण क्लॅरनेटवाला ओरडत होता. गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्याच्या गॅरेजातल्या स्टुडिओत आवाज आत येऊ नये, बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. त्या गाद्यांमधला कापूस हलला, असा ओरडत होता. मी सांगतो म्हणजे हललाच. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कानाला हेडफोन आणि बुडाखाली फिरती खुर्ची. हा एका बाजूला फुंकायचा आणि खुर्ची त्याला दुसऱ्या बाजूला न्यायची. मागे चांदवडचेच तीन गडी, दोघांकडे ट्रम्पेट आणि एकाच्या पोटावर पोटापेक्षा मोठा बाजा. तिघेही शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या मुलांसारखे घाम पुसत. काचेपलीकडे तीन व्हायोलिनवाले गजाला मेण लावत, न हसण्याचा प्रयत्न करत. लोकांना सांगताना मी व्हायोलिनवाले तीस सांगतो. तू असतास तर नेहमीचं म्हणाला असतास, “नान्या, निम्मं कर.” केलं निम्मं. पंधरा.

आणि मध्ये तू. हातात पेन्सिल, कानामागे दुसरी पेन्सिल. तू ओरडला नाहीस, समजूत काढली नाहीस. गॅरेजचं शटर वर केलंस, ऊन आत आलं, आणि म्हणालास, “हिरामण, चला. बाहेर चालू या.”

दिगू, तुला जाऊन आठवडा होत आला आणि मला सारखा तोच दिवस दिसतोय. बाकीचे तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलताहेत. किती शांत, किती सज्जन! कॅरमची राणी कोपराने भोकात ढकलणारा माणूस सज्जन! बोलू दे त्यांना. माझं तुझ्याशी एक भांडण उरलंय. ते मिटवायला तू थांबला नाहीस, म्हणून मी इथे चारचौघांत पुन्हा काढतोय. आता तरी ‘मिसळ गार होतेय’ म्हणून विषय बदलता येणार नाही तुला.

भांडण एका गाण्याच्या लयीचं.

तू स्वतः बांधलेलं ते एकमेव गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तुझ्या मळ्यात, मखमलाबादला. पहाटेची तोडणी होऊन झेंडू बाजारात गेला होता. मळ्यात उरला होता तो नुसता वास आणि उलटे पडलेले क्रेट. एका क्रेटवर तू पेटी ठेवलीस, दुसऱ्यावर बसलास आणि काळी चारला सूर धरलास. काळी चार म्हणजे सुनंदावहिनींची पट्टी, गाणं त्याच गाणार होत्या. पेटीवरची ती काळी पट्टी दाबली की त्यांचा गळा घरी आल्यासारखा बसायचा. गाण्यात काही घडत नव्हतं. दिवेलागणीला येतो म्हणून गेलेला माणूस, दारात एका बाईने दिवा लावलेला, आणि तो आलेला नाही. बस्. पण काय लय होती, दिगू! दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा की माणूस सीबीएसला, एसटी स्टँडवर जाऊन, चहा पिऊन, उधारीवर भांडून परत आला असता. मी ढोलकवाला. माझ्यापुढे जन्मभर लोकांनी हात जोडले ते ‘नाना, जरा दमानं’ म्हणत. त्या सकाळी माझा हात मांडीवरून उठेना. त्या मोकळ्या जागेत ती बाई दारात उभी असलेली दिसत होती. ठोका टाकला तर ती दचकेल असं वाटलं.

“ह्याला वाजवायचंच नाही,” मी म्हणालो. “मी नुसता बसतो. नाव माझं छापा.”

तू हसलास. पण त्या दिवशी ‘निम्मं कर’ म्हणाला नाहीस. ह्याची मी नोंद ठेवलीय.

मग तुझ्या डोक्यात वाद्यमेळ शिरला. व्हायोलिनं हवीत, बासरी हवी, चेलो हवा. इथवर ठीक. त्यानंतर तू म्हणालास, पितळ हवं, म्हणजे बँडची वाद्यं, आणि ते चांदवडचं हवं. मी म्हणालो, मुंबईहून शिकलेले वाजवणारे बोलव, कागद बघून वाजवतील. तू म्हणालास, “ते कागद बघून वाजवतील म्हणूनच नको.”

तुझं आणि त्या बँड पार्टीचं गूळपीठ मला माहीत होतं. दर वर्षी दिवाळी झाली की, तुळशीचं लग्न लागून वराती सुटायच्या आत, तू चांदवडला जाऊन त्यांना नव्या मोसमाची गाणी बसवून द्यायचास. त्यांना नोटेशन येत नाही. तू एकेक ओळ तोंडाने म्हणायचास आणि ते ती पायांनी पाठ करायचे. खरंच पायांनी. गावाबाहेरच्या रस्त्यावर सगळी पार्टी चालायची आणि चालता चालता गाणं बसायचं. हिरामण तर वरातीत उलटा चालतो. पाठ रस्त्याकडे, तोंड घोड्याकडे. एवढ्या वर्षांत त्याने एका नवरदेवाचं तोंड पाहिलेलं नसेल. त्याची नजर घोड्याच्या पायांवर. घोडा रमला की गाणं रमतं, घोडा बिथरला की गाणं पळतं. अशा माणसाला तू फिरत्या खुर्चीवर बसवलंस, कानात लय मोजणाऱ्या यंत्राची टकटक सोडलीस आणि वर म्हणालास, लय सोडू नको. ती चूक तुझीच. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

तर तुम्ही बाहेर गेलात. बंगल्यापुढच्या फरशीवर रेकॉर्डिस्टने खिडकीतून वायरी ओढून माइक उभे केले. व्हायोलिनं गॅरेजात, वहिनी काचेशी, मी ढोलक घेऊन शटरच्या उंबऱ्यावर. अर्धा आत, अर्धा बाहेर. हिरामणने क्लॅरनेट तोंडाला लावून काढली.

“मास्तर, काळी चारला बोटं अडकत्यात. काळी पाच करा. काळी पाचला बघा कसं पानी वाहील!”

म्हणजे सगळं गाणं एका पायरीने वर. बँडवाल्यांना सोपं, आणि वहिनींच्या गळ्यावर धोंडा. तू त्यांच्याकडे पाहून विचारलंस, “जमेल?” त्या म्हणाल्या, “बघते.” ह्याला होकार म्हणत नाहीत, दिगू. बायको ‘बघते’ म्हणाली की शहाणा नवरा थांबतो. तू वळलास.

आणि मग घोड्याच्या जागी तू चालायला लागलास. हिरामण तुझ्याकडे तोंड करून उलटा, मागे ते तिघे, आणि त्यांच्या पुढ्यात तू, फरशीवर गोल गोल. दारात त्यांचा टेम्पो उभा, कारण संध्याकाळी घोटीला लग्न होतं. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तू चालायला लागलास, आणि कसा चाललास! बाजारात झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन, लोकांना धक्के देत, भाव पडायच्या आत पोचणाऱ्या माणसासारखा. मुहूर्त टळायला आलेल्या वरातीसारखा. तुझं पाऊल पडलं तशी क्लॅरनेट पडली, तसे ट्रम्पेट पडले, तो पोटावरचा बाजा भुंभुं करत धावत सुटला. आतली व्हायोलिनं त्यांच्या मागे फरफटली.

मी उंबऱ्यावरून बोंबललो, “दिगू! पाय आवर! निम्मं कर!” आयुष्यभर तू मला म्हणालास. मी तुला एकदाच म्हणालो.

तू वळून पाहिलं नाहीस. आतल्या रेकॉर्डिस्टला हाताने खूण केलीस, टकटक बंद कर, ह्यांच्यावर घे. आणि तो टेक झाला. वहिनी त्या धावत्या लयीत, त्या चढ्या पट्टीत गायल्या. अंतऱ्यात वरचा सूर आला तिथे त्यांचा आवाज फाटला नाही, पण फाटायच्या कडेवर जाऊन उभा राहिला आणि तिथून खाली बघत राहिला. माझा हात ढोलकवर चालू होता. हात काय, गाढवासारखा चालतो. पण माझं डोकं त्या कडेवर अडकलं होतं. ‘तो आला नाही’ असं म्हणतानाही ती बाई आता दारात उभी नव्हती. ती रस्त्याने पळत होती.

“झालं,” तू म्हणालास. हिरामणने टेम्पोत उडी मारली. घोटीचं लग्न वेळेवर लागलं म्हणे.

पुढचं तुला माहीत आहे, पण पुन्हा ऐक. गाणं वरातीत गेलं. चांदवडच्या पार्टीने नेलं, त्यांच्याकडून दिंडोरीच्या पार्टीने उचललं, आणि दोन मोसमांत जिल्ह्यात असा एक घोडा उरला नाही ज्याने ते ऐकलं नाही. घोडे ते गुणगुणायचे, मी स्वतः ऐकलंय. नवरदेव घोड्यावर, पुढे मामे-मावसभाऊ रुमाल नाचवताहेत, आणि गाणं म्हणतंय, तो आलाच नाही! कोणाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं. पेठ रोडला एका वरातीत मी घुसलो आणि त्या मुलाच्या काकाला म्हणालो, “अहो, हे दुःखाचं गाणं आहे.” काका म्हणाला, “असू द्या, ठेका मस्त हाय.” ठेका माझाच होता, दिगू. माझ्या तोंडावर माझाच ठेका मारला.

मग आपले रविवार. मिसळीची ताटली समोर आली की मी सुरू. तू गाणं घाईत का दिलंस? घोटीच्या लग्नासाठी? हॉर्नला घाबरलास? की बँडवाल्यांचा मान राखायला? एकदा मी फारच बोललो. म्हणालो, “मळ्यातली ती बाई मेली. तू तिला घोड्यावर बसवलंस.”

तू पाव तोडत म्हणालास, “घोड्यावर तर घोड्यावर. पोचली ना?”

हे उत्तर झालं का? मी किती दिवस ते चघळलं. कधी वाटायचं, ह्याने सगळं कळून सवरून केलं. वाट बघणारी माणसं काही शांत उभी राहत नाहीत, त्यांच्या छातीत पळापळ चालू असते, आणि ह्याला तीच पकडायची होती. मग वाटायचं, कसलं काय! हा माणूस मुळात चालतोच तसा. बाजारात जाताना तसा, देवळात जाताना तसा, दवाखान्यात जातानाही तसाच गेला. तुझ्या पायांची सवय आम्ही कला म्हणून ऐकत बसलो. आणि मग तिसरं वाटायचं, ज्याने झोप जाते: तू दमला होतास. तुझं मन मोडलं होतं, आणि ते तू कोणाला दाखवलं नाहीस. आपलं एकमेव गाणं चुकीच्या लयीत जगात गेलं हे मनात ठेवून इतकी वर्षं माझ्यासमोर मिसळ खाल्लीस. हे खरं असेल तर, दिगू, मी तुझा कसला दोस्त? मला फक्त एवढंच कळायला हवं होतं. मळ्यातलं गाणं तुझ्या कानात जिवंत होतं की नव्हतं.

शेवटी शेवटी तुला पलंग खिडकीशी लावून दिला होता. मी रोज येऊन तुला थापा मारायचो. तुझ्या फाटकाशी ओल्या झेंडूच्या ढिगावरून घसरून माझा गुडघा गेला, तो मी गावभर ‘घोटीच्या स्टेजवरून उडी मारली, पब्लिकने झेललं नाही’ असा सांगतो. तुला तर तोंडावर सांगायचो. तू डोळे मिटून म्हणायचास, “निम्मं.” ‘कर’ म्हणण्याएवढा दम उरला नव्हता.

एक दिवस तू झोपलास तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चहा टाकत होत्या. मी विचारलं, “वहिनी, खरं सांगा. त्याला ते गाणं सावकाश हवं होतं ना?”

“मला लयीचं नाही सांगता येणार, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मला पट्टी जड गेली तेवढं आठवतं. घरी येताना मी म्हटलं होतं, तो वरचा सूर पुन्हा गाते, उद्या जाऊ या परत. तर म्हणाले, नको.”

“का नको?”

“नाही सांगितलं. मीही नाही विचारलं. राग आला होता मला.” गाळणीत आलं अडकलं होतं ते त्यांनी चमच्याने दाबलं. “अजून आहे थोडा.”

मग मी बाहेर आलो आणि तुला सरळ विचारलं. थट्टा नाही, बोंब नाही. मांडीवर ती मळ्यातली लय धरली, अगदी हलक्या बोटांनी, आणि म्हणालो, “दिगू, ही? का ती?”

तू डोळे उघडलेस. माझ्या बोटांकडे बघत राहिलास. ओठ हलले. मी पुढे वाकलो, एवढा की तुझा श्वास कानाला लागला.

“नान्या,” तू म्हणालास. “गुडघा कसाय?”

माणसाने काय करावं अशा वेळी? मी म्हणालो, बराय. ते मात्र पूर्ण खोटं होतं, निम्मं करायला जागा नव्हती.

तू गेलास त्या सकाळी हिरामणचा फोन आला की निघालोय. वहिनींचे भाऊ अंगणात उभे होते, ते चपापले. “बँड? अहो, लोक काय म्हणतील? लग्न आहे का हे?” वहिनी तुझ्याजवळ बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, “येऊ दे त्यांना.” आले. लाल कोट घातले नव्हते. पांढरे शर्ट, कोणाचा मापाचा, कोणाचा उसना. झालर नसली की ही माणसं किती लहान दिसतात, मला माहीत नव्हतं.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मी पुढचा डावा खांदा धरला. सगळे माझ्यावर धावून आले. “नाना, तुम्ही नका. नाना, पाय बघा तुमचा. नाना, मागे गाडीत बसा.” मी असा ओरडलो की मळ्यातले बगळे उडाले. बगळे होते, वहिनींच्या भावांना विचारा. खांदा दिला.

फाटक ओलांडलं आणि हिरामण आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. क्लॅरनेट तोंडाला लावली. पट्टी तीच, काळी पाच. पण लय!

दिगू, ती मळ्यातली लय होती.

पहिली ओळ निघाली आणि संपेचना. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत तेवढीच मोकळी जागा, तीच, सीबीएसला जाऊन यावं एवढी. ट्रम्पेट दबलेले, तो मोठा बाजा श्वास टाकल्यासारखा. इतक्या वरातींतून दौडलेलं ते गाणं रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं आणि त्यातली ती बाई पुन्हा दारात आली. पेठ नाक्याचा ट्रॅफिकवाला हात वर करून विसरून गेला. माझ्या मागचा कोणीतरी हुंदका दाबत होता. मला डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं काही दिसत नव्हतं, नुसता एक पांढरा शर्ट उलट्या पावलांनी मागे मागे सरकत होता. मी तिरडीखालून तुला शिव्या दिल्या. लबाडा! म्हणजे तुला ऐकू येत होतं! सगळ्यांना गंडवलंस, मला मिसळीवर बसवून ठेवलंस, आणि चोरून चांदवडला जाऊन ह्यांना बसवून आलास, की माझ्या वेळी असं वाजवा! दुःखात माणसाला असा आनंद होऊ नये. मला झाला. अमरधामपर्यंत मी रडत होतो आणि जिंकत होतो.

सगळं आटोपलं. वहिनींच्या भावांनी लोकांना हात जोडले. बाहेर चहाच्या टपरीशी हिरामण क्लॅरनेट उलटी धरून त्यातली थुंकी झटकत होता. मी लंगडत त्याच्याजवळ गेलो, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “हिरामण, ही लय तुला मास्तरांनी कधी सांगून ठेवली? खरं सांग. शेवटची भेट कधी झाली तुमची?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली, माझ्या गुडघ्याकडे.

“कोनी नाय सांगितली,” तो म्हणाला. “पुढं तुमी व्हता. लंगडत व्हता. तुमच्या पायावर वाजवलं.”